कपाट हलवण्यापूर्वी

लालबाग-परळ भागात दवाखाना चालवून मला आता २८ वर्षे होत आली. एवढ्या काळात दिलेल्या सल्ल्यांपैकी काही चुकले, काही अपुरे पडले. त्यांतील एक आज वाचकांपुढे ठेवतो आहे. तो औषधाविषयीचा नव्हता, घरातील सामानाविषयीचा होता.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझ्याकडे सात वर्षांचा एक मुलगा वरचेवर येत असे. रात्री खोकला, पहाटे छातीत घरघर, सकाळी शिंकांची माळ. घरची मंडळी चाळीच्या पुनर्विकासानंतर त्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत अकराव्या मजल्यावर राहायला आली होती. एकदा मुद्दाम घरी गेलो. दोन खोल्यांत चाळीतले सारे सामान जसेच्या तसे आणून मांडले होते. आजोबांचा सागवानी पलंग, लोखंडी कपाट, भिंतभर शोकेस, खाली खण असलेला बॉक्सचा दिवाण, आणि त्यांवर नव्या घरासाठी घेतलेला सोफा. पलंगावर काथ्याची गादी आणि तिच्यावर कापसाची. कपाटामागची भिंत ओलीने काळवंडलेली. मी मुलाच्या वडिलांना म्हणालो, "अहो, घर मोकळे करा. यातले निम्मे सामान काढून टाका. औषधाच्या पंपाइतकाच त्याचा उपयोग होईल."

तीन महिन्यांनी आजोबांना न्यूमोनिया झाला आणि ते नऊ दिवस रुग्णालयात राहिले. मुलाने विचार केला, हीच वेळ बरी. बाबा घरी असते तर एक खुर्चीही हलू दिली नसती. त्याने पलंग, कपाट आणि शोकेस काढली, भिंतीला रंग दिला, वडिलांसाठी नवी हलकी खाट आणली. घर खरोखरच छान दिसू लागले. आजोबा घरी आले, काही बोलले नाहीत. तिसऱ्या रात्री तीनच्या सुमारास लघवीला उठले आणि खाटेपासून चार पावलांवर पडले. उजव्या खुब्याचे हाड मोडले.

शस्त्रक्रियेनंतर त्यांना भेटायला गेलो. "काका, पाय घसरला का?" असे विचारले, तर म्हणाले, "नाही डॉक्टर. हात पुढे केला, तर कपाट नव्हते."

हे वाक्य ऐकल्यावर मला माझ्या सल्ल्याचा राहिलेला अर्धा भाग दिसला. गिरणीत साचेखात्यात आयुष्य घालवलेला, ७८ वर्षांचा हा गृहस्थ चाळीच्या खोलीत कित्येक वर्षे रात्री एकाच वाटेने उठत होता. पलंगाचा खांब, तिथून कपाटाची कड, तिथून शोकेसची फळी, मग मोरीची चौकट. नव्या घरात सामान लावताना त्यांनी हट्टाने तोच क्रम ठेवला होता. घरच्यांना तो म्हाताऱ्याचा हेका वाटला. तो त्यांचा कठडा होता.

वाचकहो, माणूस तोल सांभाळतो तो तीन गोष्टींच्या आधारावर. डोळे, कानाच्या आतील तोल राखणारे इंद्रिय, आणि पायांच्या तळव्यांतून व सांध्यांतून मेंदूला मिळणारी वार्ता. सत्तरीनंतर ही तिन्ही थोडीथोडी मंदावतात. मोतीबिंदू असतो, मधुमेहाने तळपाय बधिर झालेले असतात, रक्तदाबाच्या गोळीमुळे उठताच क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा माणूस नकळत हाताची मदत घेऊ लागतो. टेबलाला बोट, कपाटाला तळवा, दाराला खांदा. घरातल्यांच्या हे लक्षातही येत नाही, कारण दिवसा ते व्यवस्थित चालताना दिसतात. त्यातून रुग्णालयातून परतलेल्या वृद्धाच्या बाबतीत धोका अधिक असतो. आठ-दहा दिवस अंथरुणावर पडून मांड्यांचे स्नायू लटके पडतात, आणि रात्रीच्या वेळी आपण कुठे आहोत याविषयी मनात गोंधळ उडू शकतो. अशा वेळी ओळखीची खोली हे अर्धे औषध असते. आम्ही नेमकी तीच बदलून टाकली होती.

तेव्हा मोठे सामान काढायचे ठरले, तर पहिले काम सुताराला किंवा भंगारवाल्याला बोलावणे हे नव्हे. दोन-तीन रात्री जागे राहून, घरातील वडीलधारी माणसे उठताना कशाला हात लावतात ते पाहावे. सकाळी कपाटाच्या कडेला, हाताच्या उंचीवर पॉलिश किंवा रंग झिजलेला दिसला, तरी तो पुरावा समजावा. जी वस्तू आधाराची आहे, तिच्या जागी आधी भिंतीत पक्की दांडी बसवावी, त्या वाटेवर रात्रभर तेवणारा लहान दिवा लावावा, आणि चार-आठ दिवस हाताला त्याची सवय होऊ द्यावी. मगच वस्तू हलवावी. प्लास्टरमध्ये नुसत्या खिळ्यांवर ठोकलेली दांडी घातकच. तिने माणसाचे पूर्ण वजन पेलले पाहिजे.

आता दुसरी बाजू. सामान काढा असे मी का म्हणालो होतो, तेही सांगितले पाहिजे, नाहीतर वाचक म्हणतील, डॉक्टरच सांगतात की कपाट राहू द्या.

गिरणगावातील घर म्हणजे पूर्वी दहा बाय बाराची खोली. बीडीडी चाळीतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत कपाट ही केवळ कपडे ठेवण्याची जागा नव्हती. ती आडोशाची भिंत होती, तिजोरी होती, वर सामान रचायचा माळा होता. (आणि पोलादी कपाट तर या भागाचेच अपत्य म्हणायचे. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपांचा कारखाना काढला तो लालबागमध्ये. १९२३ पासून त्यांची पोलादी कपाटे निघू लागली आणि पुढे लग्नात कपाट देणे-घेणे ही रीतच झाली.) ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील कुटुंबांच्या वाट्यालाही अशीच घरे येणार आहेत. गिरगावातल्या वाड्यांतून, दादरच्या जुन्या इमारतींतूनही हे स्थलांतर चालूच आहे. घर तिपटीने वाढते. पण जुने सामान सोडवत नाही आणि नवे घेतल्यावाचून राहवत नाही. वर्षभरात मोकळी जागा पुन्हा खोलीएवढीच उरते.

या दाटीचा पहिला त्रास श्वासाला होतो. आपल्या अंगावरून सतत झडणाऱ्या त्वचेच्या कणांवर जगणारे, डोळ्यांना न दिसणारे धुळीतले कीटक गाद्यांत आणि सोफ्याच्या गिर्द्यांत राहतात. ते पाणी पीत नाहीत, हवेतील ओलावा शोषून घेतात. म्हणून मुंबईची हवा त्यांना मानवते. त्यांच्या विष्ठेचे कण श्वासावाटे जाऊन दमा आणि ॲलर्जीची सर्दी चाळवते. पूर्वी पिंजारी दारावर येई, कापूस पिंजून, उन्हात घालून गादी नवी करून देई. आता अकराव्या मजल्यावर ना पिंजारी येतो, ना गादी टाकण्याइतके ऊन. पंधरा-वीस वर्षांची काथ्याची किंवा कापसाची गादी झटकून सुधारत नाही. घरात दमेकरी असेल, तर काढून टाकायच्या यादीत ती पहिली असावी, कपाट त्यानंतर. कपाट राहणारच असेल तर ते भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, म्हणजे मागे हवा खेळते आणि बुरशी धरत नाही.

दुसरी गोष्ट वाटेची. रात्री छातीत कळ येऊन कोसळलेल्या माणसाला बाहेर काढताना स्ट्रेचर वळत नाही, म्हणून त्याला खुर्चीत बसवून, कधी चादरीत घालून खाली आणावे लागते, हे मी गिरगावच्या अरुंद जिन्यांवर पाहिले आहे. ते त्या जिन्यांचे दुर्दैव. पण आत, आपल्याच घरात, शू-रॅक आणि जुन्या शिलाई मशीनच्या टेबलामुळे स्ट्रेचर अडते, तेव्हा दोष कोणाला द्यायचा? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दारी येईल. पलंगापासून दारापर्यंतची वाट आपल्यालाच मोकळी ठेवायची आहे. स्ट्रेचर माणसाएवढे लांब असते आणि ते वळवायला जागा लागते. तेवढी वाट आज आपल्या घरात आहे का, हे एकदा उठून पाहावे.

लहान मुले असलेल्या घरी आणखी एक पाहावे. उंच, अरुंद खणांचे कपाट भिंतीला जखडलेले नसेल, तर खालचे खण ओढून त्यांवर चढणाऱ्या मुलाच्या अंगावर ते कोसळू शकते. अशा मृत्यूंनंतर २०१६ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या कंपनीने खणांची सुमारे दोन कोटी नव्वद लाख कपाटे परत मागवली होती.

ढेकणांविषयी थोडे लिहितो, कारण दवाखान्यात लोक हे लाजून सांगतात. लाजण्याचे कारण नाही. ढेकूण गरीब-श्रीमंत पाहत नाही. तो लाकडाच्या सांध्यांत, पलंगाच्या खाचांत, गादीच्या शिवणीत दडतो आणि रक्ताविना काही महिने तग धरतो. तो रोग पसरवत असल्याचे आढळलेले नाही. पण खाज आणि झोपमोड याने माणूस हैराण होतो. ढेकणांनी भरलेला पलंग दुसऱ्याला देणे म्हणजे त्याच्या घरात ढेकूण पोहोचवणे होय. त्यांवर रॉकेल ओतणे आगीला आमंत्रण आहे. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या तर झोपायच्या खोलीत कदापि ठेवू नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू ढेकणाआधी माणसाला मारतो, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसालाही. जाणकार कीटकनाशकवाल्याकडून उपाय करून घ्यावा, नाहीतर वस्तू मोडून, प्लास्टिकमध्ये बांधून, 'ढेकूण आहेत' असे स्पष्ट सांगून द्यावी.

मग हे सामान जाते कुठे? मुंबईतला हिशेब सरळ आहे. जुन्या सागवानाला आणि शिसवाला गिऱ्हाईक मिळते. भेंडीबाजाराजवळचा चोरबाजार किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहे. लोखंडी कपाट भंगारवाला वजनावर नेतो. प्लायवूडचा दिवाण, फुगलेले शोकेस आणि जुनी गादी यांना मात्र कोणी विचारत नाही. उलट उचलण्याचे पैसे आपल्यालाच मोजावे लागतात. हे पैसे वाचवण्यासाठी माणसे जे करतात, त्यातून माझ्याकडचे रुग्ण वाढतात. कोणी दिवाण जिन्याच्या वळणावर ठेवून देतो. आग लागली की तीच एकमेव वाट असते. कोणी तो गच्चीवर नेऊन टाकतो. त्याच्या उघड्या खणांत पावसाचे पाणी साचते आणि डेंग्यूचा डास तिथे अंडी घालतो. कोणी रात्री गुपचूप गादी कचराकुंडीपाशी सोडतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तळमजल्यांवरच्या घरांतील भिजलेल्या गाद्या आणि फुगलेली कपाटे रस्तोरस्ती ढिगाने पडली होती. त्या पावसानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. त्या रोगाचे जंतू उंदराच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. उंदराला घर करायला टाकलेल्या गादीइतकी सोयीची जागा नाही.

होळीचेही असेच. वाडीतली मुले उत्साहाने जुने स्टूल, दारे, शोकेसच्या फळ्या होळीत टाकतात. प्लायवूडच्या थरांमधील डिंक, सनमायका आणि पॉलिश जळून निघणारा धूर शेणी-लाकडाच्या धुरासारखा नसतो. धुळवडीच्या सकाळी दम्याचे रुग्ण माझ्या दारात का उभे असतात, हे मला वेगळे विचारावे लागत नाही.

सरळ मार्ग थोडा कंटाळवाणा आहे. आपल्या प्रभागाच्या महापालिका कार्यालयातील घनकचरा विभागात चौकशी करावी, किंवा १९१६ या मदत क्रमांकावर विचारावे. मोठ्या वस्तू कधी, कशा आणि काही शुल्क घेऊन उचलतात का, हे आधी ठरवून घ्यावे आणि गाडी यायच्या दिवशीच वस्तू खाली आणावी. जपानमध्ये मोठी वस्तू टाकायची तर आधी नोंदणी करून, पैसे भरून, तिच्यावर चिठ्ठी चिकटवावी लागते. आपल्याकडे एवढे होत नाही; पण सोसायटीने वर्षातून एक दिवस ठरवला, सर्वांनी मिळून एक टेम्पो केला, तर खर्च आणि भांडणे दोन्ही कमी होतात. फळ्यांतले खिळे आधी उपटून घ्यावेत. सफाई कामगाराचा हात हाही हातच आहे.

दान करायचे असेल तर विचारून करावे. परळला टाटा रुग्णालयात राज्यभरातून, देशभरातून कर्करुग्ण येतात. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी त्यांची राहण्याची सोय होते. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती क्षीण असते. त्याच्यासाठी आपली वीस वर्षांची गादी पाठवणे म्हणजे दान नव्हे. घरातील आजारपण संपल्यावर उरलेली लोखंडी खाट, कमोडची खुर्ची, वॉकर यांना मात्र रुग्णसाहित्य केंद्रे बहुधा आनंदाने घेतात, कारण त्या धुऊन निर्जंतुक करता येतात.

उचलण्याचे काम स्वतः करू नका, असे सांगितले तरी घरातला कर्ता पुरुष ऐकत नाही. 'हमालाला कशाला पैसे' म्हणत रविवारी सकाळी कपाटाला खांदा लावतो आणि सोमवारी माझ्याकडे वाकडा होऊन येतो. कमरेच्या मणक्यांमधील चकती निव्वळ वजनापेक्षा वजन घेऊन वळताना अधिक सरकते, आणि जिन्यावर तर प्रत्येक वळणाला वळावे लागते. हृदयविकार, अंतर्गळ किंवा डोळ्याची नुकती झालेली शस्त्रक्रिया असणाऱ्यांनी या कामापासून पूर्ण दूर राहावे. जुन्या चाळींत पलंग गॅलरीतून दोराने वर चढवले जात. आता सगळीकडे जाळ्या बसल्या, तो मार्ग बंद झाला. म्हणून आधी दार, जिन्याचे वळण आणि लिफ्ट मोजावी, मग वस्तू मोजावी. सुताराकडून पलंग सुटा करून घ्यावा, कपाटाची दारे आणि फळ्या काढाव्यात, आरसा वेगळा गुंडाळावा. खिळा लागलाच, तर जखम साबण-पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावी. धनुर्वात गंजामुळे होतो ही समजूत चुकीची आहे. त्याचे जंतू माती-धुळीत असतात आणि खोल जखमेत वाढतात. जखम मळकट असेल आणि शेवटच्या लसीला पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर लस घ्यावी.

हे सारे जमते. अवघड असते ते एकच, घरातील वृद्धांशी बोलणे. आपल्या पूर्वजांना ही अडचण ठाऊक असावी. मृत्यूनंतरच्या विधींत शय्यादान आहे. गादी, उशी, पांघरूण यांसह अंथरूण देऊन टाकायचे. आता त्याऐवजी दक्षिणा ठेवतात आणि पलंग घरातच राहतो. पण जिवंत माणसाच्या वस्तूंसाठी असा विधी नाही. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस सिलेंडर लावल्याच्या तारखा पेन्सिलीने लिहिलेल्या असतात, मुलांच्या उंचीच्या रेघा असतात, गेलेल्या बायकोने चिकटवलेला गणपतीचा फोटो असतो. रुग्णालयातून परत आल्यावर ते सारे एकदम नाहीसे झालेले पाहणे काय असते, याची कल्पना आपण करत नाही. म्हणून माझी विनंती आहे, त्यांच्या अनुपस्थितीत काहीही काढू नका. त्यांना विचारा आणि क्रम त्यांना ठरवू द्या. दोन महिने लागले तरी चालतील. ते एखादी निरुपयोगी वस्तू ठेवायची म्हणतील, तर तीही ठेवा. मुलाची छाती तेवढ्याने बिघडत नाही.

आजोबा आता वॉकर घेऊन चालतात. खाटेपासून न्हाणीघरापर्यंत त्यांच्या मुलाने स्टीलची दांडी बसवली आहे. नातवाची घरघर बरीच कमी झाली आहे. जुन्या गाद्या गेल्या, त्याचा तो गुण. बॉक्सचा दिवाण अजून घरात होता. गेल्या महिन्यात मी रक्तदाब पाहायला गेलो, तेव्हा खोलीच्या मध्यभागी त्याचे सगळे खण उघडे पडले होते आणि काका खुर्चीत बसून एकेक वस्तू हातात घेऊन पाहत होते. त्यांनी मला गिरणीतला पितळी बिल्ला दाखवला. म्हणाले, "हा ठेवणार. बाकीचे तुम्ही म्हणाल तसे. पण गाडी रविवारी बोलवा म्हणावे, मला समोर उभे राहायचे आहे."